ज्या अहवालावर धूळ बसली नाही

समिती नेमली जाते, ती साक्षी घेते, दौरे काढते, आणि यथावकाश एक जाडजूड अहवाल सादर करते. त्या अहवालाचा पुढील प्रवास आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. टिपण, अभिप्रायार्थ रवानगी, स्मरणपत्र, आणि अखेरीस कपाटाचा खालचा कप्पा. शंभरांतील नव्वद अहवालांच्या नशिबी हेच असते. म्हणूनच एखादा अहवाल जेव्हा प्रसिद्ध होताच एका सबंध व्यवसायाचे रूप पालटू लागतो, तेव्हा तो कशामुळे फळास आला आणि त्या फळाची किंमत कोणी दिली, हे पाहणे उद्‍बोधक ठरते. असा एक अहवाल १९१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. कार्नेगी शिक्षणनिधीने काढलेला, साडेतीनशे पानांचा, अमेरिका व कॅनडा या देशांतील वैद्यकीय शिक्षणासंबंधीचा हा अहवाल एकट्या गृहस्थाने लिहिला होता. त्याचे नाव अब्राहम फ्लेक्सनर. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. केंटकी संस्थानातील लुइव्हिल गावी खाजगी शाळा चालविणारा तो एक शिक्षक होता. आज एम्. डी. या पदवीच्या अभ्यासक्रमाचा जो आराखडा आपण गृहीत धरतो, तो बव्हंशी या अहवालाने रूढ केलेला आहे.

त्या अहवालाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी त्यापूर्वी अमेरिकेत एम्. डी. ही पदवी कशी मिळे, हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तेथील बहुसंख्य वैद्यकीय विद्यालये ही चार-सहा डॉक्टरांनी भागीदारीत काढलेली दुकाने होती. व्याख्यानांची फी हेच त्यांचे उत्पन्न, आणि ते अध्यापकांच्या खिशात जाई. साहजिकच विद्यार्थ्यास प्रवेश नाकारणे किंवा परीक्षेत नापास करणे म्हणजे स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडणे होय. अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी दोन हिवाळी सत्रांचा असे, आणि दुसऱ्या वर्षी ऐकावयाची व्याख्याने ही पहिल्या वर्षीच्या व्याख्यानांची निव्वळ पुनरावृत्ती असे. हार्वर्डसारख्या नामांकित संस्थेतही तोंडी परीक्षेत नऊपैकी पाच विषयांत उत्तीर्ण होणारा उमेदवार डॉक्टर ठरे. उरलेल्या चार विषयांतील त्याच्या अज्ञानाचे परिणाम पुढे रोग्यांनी भोगावयाचे! १८६९ साली हार्वर्डच्या अध्यक्षपदी आलेल्या चार्ल्स एलियट याने लेखी परीक्षेची सूचना मांडली, तेव्हा आमच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहिता येत नाही, असा आक्षेप तेथील शल्यचिकित्सेच्या एका वजनदार प्राध्यापकाने घेतला. तरीही एलियटने नेट धरला आणि १८७१ पासून तेथे तीन वर्षांचा, क्रमाक्रमाने चढत जाणारा अभ्यासक्रम सुरू झाला. सुधारणेची पहिली पायरी ती.

महाराष्ट्रीय वाचकास या काळातील अमेरिकन एम्. डी. पदवीची एक धारक पूर्ण परिचित आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी ही पदवी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया स्त्री-वैद्यकीय विद्यालयातून मिळविली. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत हे दांपत्य बंगालमध्ये जाऊन पोहोचले होते, आणि एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याच्या बंदरातून आनंदीबाई एकट्या निघाल्या. त्यांचे विद्यालय वर सांगितलेल्या दुकानांपैकी नव्हते. तेथे नेमस्त अभ्यास होता, शवविच्छेदन होते, निष्ठावंत अध्यापिका होत्या. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला तो तेथेच. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आनंदीबाईंपाशी महाविद्यालयाची कोणतीही पदवी नव्हती. घरी गोपाळरावांनी दिलेले पाठ आणि मिशनरी शाळांतील तुटक शिक्षण एवढ्या शिदोरीवर त्यांना प्रवेश मिळाला. प्रवेशाचे दार तेव्हा सर्वत्रच सैल होते. त्या सैल दारातून नालायक माणसे शेकड्यांनी आत जात, आणि त्याच दारातून एखादी आनंदीबाईही जाऊ शके. या मुद्द्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

सुधारणेची दुसरी आणि निर्णायक पायरी १८९३ साली बाल्टिमोर येथे घातली गेली. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय त्या वर्षी उघडले. प्रवेशासाठी पदवी आवश्यक. तीही रसायन, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र यांचा अभ्यास केलेली. शिवाय फ्रेंच व जर्मन यांचे ज्ञान. असली अट तोवर अमेरिकेत कोणी ऐकली नव्हती. आपण प्राध्यापक म्हणून येथे शिरलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपणांस कोणी घेतले नसते, असा विनोद विल्यम ऑस्लर याने आपला सहकारी विल्यम वेल्च याजपाशी केल्याचे सांगतात. विशेष म्हणजे हे विद्यालय उघडण्यास पैसा कमी पडत होता, आणि तो पुरविणाऱ्या मेरी गॅरेट या बाईंनी, स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश मिळाला पाहिजे, असे देणगीबरोबर बजावले. पहिल्या तुकडीतील अठरा विद्यार्थ्यांत तीन स्त्रिया होत्या. अभ्यासक्रम चार वर्षांचा होता. पहिली दोन वर्षे प्रयोगशाळेत आणि पुढील दोन इस्पितळाच्या वॉर्डांत, रोग्याच्या खाटेपाशी. विद्यार्थ्याने रोग्याचा इतिहास स्वतः लिहावयाचा, तपासण्या स्वतः करावयाच्या, आणि आपल्या कामाचा जबाब वरिष्ठांस द्यावयाचा. ऑस्लरची ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नावीन्य सांगूनही पटू नये.

असा नमुना डोळ्यांसमोर असताना बाकीच्या विद्यालयांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरला. अमेरिकन वैद्यक संघाने १९०४ साली शिक्षणविषयक मंडळ स्थापन केले आणि १९०६ मध्ये विद्यालयांची तपासणी केली. परंतु संघाने आपल्याच व्यवसायबंधूंच्या संस्थांवर उघड टीका करणे अवघड होते. तेव्हा १९०८ च्या अखेरीस हे काम त्रयस्थाकडे, कार्नेगी शिक्षणनिधीकडे, सोपविण्याचे ठरले. निधीचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांनी फ्लेक्सनरला पाचारण केले, तेव्हा आपला प्रसिद्ध डॉक्टर-बंधू सायमन समजून चुकून आपणांस बोलाविले असावे, असे त्याला वाटले. प्रिचेट यांना मात्र डॉक्टर नको होता. शिक्षण म्हणजे काय हे जाणणारा माणूस हवा होता.

पुढील दीड-एक वर्षात फ्लेक्सनरने दोन्ही देशांतील १५५ विद्यालये स्वतः जाऊन पाहिली. त्याची पद्धत सरळ होती. प्रवेशाची अट कोणती आणि ती पाळली जाते काय? अध्यापक किती व कोणते? उत्पन्न किती व ते कशावर खर्च होते? प्रयोगशाळा कशा आहेत? इस्पितळात विद्यार्थ्यास खरोखर रोगी पाहावयास मिळतात काय? या पाच प्रश्नांची उत्तरे बहुधा काही तासांत मिळत. एका गावी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र अशा पाट्या लावलेल्या सर्व खोल्यांना कुलपे होती आणि किल्ल्या बाळगणारा नोकर सापडत नव्हता. आपले समाधान झाले असे सांगून फ्लेक्सनरने निरोप घेतला. प्रमुखांनी त्याला स्टेशनवर पोहोचविले. ते वळताच तो परत आला, नोकराला गाठून त्याच्या हातावर पाच डॉलर ठेवले आणि खोल्या उघडविल्या. प्रत्येकीत एक मेज, एक लहानसा फळा आणि काही खुर्च्या. पाट्या निरनिराळ्या, खोल्या मात्र एकसारख्याच रिकाम्या. दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक तपासनिसाने ही हकीकत स्मरणात ठेवावी अशी आहे. १५५ पैकी अवघी १६ विद्यालये प्रवेशापूर्वी महाविद्यालयातील दोन वर्षांचे शिक्षण मागत होती. सुमारे ५० ठिकाणी माध्यमिक शाळेचा दाखला वा त्याच्या ‘तोडीचे’ काही पुरे होई, आणि उरलेल्यांत तेवढेही लागत नसे.

अहवालाने सुचविलेला उपाय थोडक्यात असा होता. वैद्यकीय विद्यालय हे विद्यापीठाचे अंग असले पाहिजे, खाजगी धंदा नव्हे. प्रवेशापूर्वी विज्ञानविषयांसह महाविद्यालयाची किमान दोन वर्षे पुरी झाली पाहिजेत. नंतर दोन वर्षे मूलभूत शास्त्रे प्रयोगशाळेत शिकावी आणि दोन वर्षे विद्यालयाच्या ताब्यातील इस्पितळात काढावी. विद्यार्थ्याने ऐकून नव्हे, तर करून शिकले पाहिजे. रोगनिदान आणि शास्त्रीय संशोधन यांची विचारपद्धती एकच आहे. आणि एवढा खर्च जेथे झेपणार नाही ती विद्यालये बंद झाली पाहिजेत. १५५ पैकी ३१ पुरेत, असा त्याचा हिशेब होता.

असे सडेतोड अहवाल इतरही झाले आहेत. मग याच्यावर धूळ का बसली नाही? याची कारणे तीन दिसतात. पहिले असे की, जे मागितले ते कोठेतरी प्रत्यक्षात चालू होते. हॉप्किन्सचा दाखला देता येत होता. दुसरे, कायद्याचे पाठबळ मिळाले. निरनिराळ्या संस्थानांच्या परवाना-मंडळांनी कनिष्ठ दर्जाच्या विद्यालयांच्या पदवीधरांस व्यवसायाचा परवाना नाकारण्यास सुरुवात केली, आणि वैद्यक संघाच्या मंडळाने वरच्या दर्जासाठी १९१४ पासून महाविद्यालयाचे एक वर्ष व १९१८ पासून दोन वर्षे आवश्यक केली. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे पैसा. रॉकफेलर यांच्या शिक्षणमंडळाने १९१३ साली हॉप्किन्सला पंधरा लाख डॉलर दिले, ते इस्पितळातील प्राध्यापकांनी खाजगी व्यवसाय सोडून पूर्णवेळ शिकवावे म्हणून. त्याच वर्षी फ्लेक्सनर स्वतः त्या मंडळात गेला. शिफारस करणाराच तिजोरीपाशी बसला, असा योग अहवालांच्या इतिहासात विरळा. त्या मंडळाने वैद्यकीय शिक्षणावर एकंदर आठ कोटी डॉलरांहून अधिक खर्च केले. १९०४ साली अमेरिकेत १६० विद्यालये आणि २८,००० विद्यार्थी होते. १९२० साली विद्यालये ८५ व विद्यार्थी १३,८०० उरले. १९३५ साली विद्यालये ६६ झाली. ही घसरण १९१० पूर्वीच सुरू झाली होती हे खरे; अहवालाने तिला वेग आणि दिशा दिली.

या यशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. रिकाम्या खोल्यांतून बाहेर पडणारे डॉक्टर थांबले, ही मनुष्यजातीची सेवाच झाली. परंतु हिशेबाच्या दुसऱ्या बाजूची रक्कमही मांडली पाहिजे. अमेरिकेत त्या वेळी निग्रो समाजासाठी सात वैद्यकीय विद्यालये होती. फ्लेक्सनरने त्यांतील दोनच, वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी, जगविण्याजोगी ठरविली. या समाजाच्या डॉक्टरांनी आपल्याच लोकांत, मुख्यतः आरोग्यरक्षणाचे काम करावे, असे त्याने लिहिले. आणि गोऱ्या समाजाला संसर्ग होऊ नये हेही त्यामागील एक कारण म्हणून नोंदविले. उरलेली पाचही विद्यालये १९२३ पर्यंत बंद पडली. गोऱ्यांच्या विद्यालयांची दारे या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी बंदच होती. ती पाच विद्यालये चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत आणखी किती डॉक्टर तयार झाले असते, याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. तो आकडा सुमारे २८,००० पासून ३५,३१५ पर्यंत जातो.

स्त्रियांचीही स्थिती सुधारली नाही. अहवालाच्या वेळी स्त्रियांची स्वतंत्र विद्यालये तीनच उरली होती. सहशिक्षण सुरू झाल्यामुळे काही आधीच मिटली होती, पण सहशिक्षणाच्या विद्यालयांतून त्यांची जागा भरून निघाली नाही. १९६० च्या सुमारासही अमेरिकेतील शंभर डॉक्टरांत स्त्रिया जेमतेम सहा-सातच होत्या. आता आनंदीबाईंकडे परत येऊ. त्यांचे विद्यालय या झंझावातातून तगले. परंतु १९१८ नंतरचे प्रवेशाचे नियम १८८३ साली असते, तर कल्याणच्या जोशांच्या लेकीला त्या दारातून आत पाऊल टाकता आले नसते. नियम चूक होता असे नव्हे. नियमाला आनंदीबाई दिसत नव्हत्या, एवढेच.

फ्लेक्सनरला हा आक्षेप ठाऊक होता. गरीब मुलाला डॉक्टर होण्याची संधी मिळावी म्हणून हलकी विद्यालये चालू द्यावी, असे त्या काळी म्हटले जाई. त्याचे उत्तर असे की, विद्यालय हे रोग्यासाठी असते, विद्यार्थ्यासाठी नव्हे. उत्तर बिनतोड आहे. पण अपुरे आहे. ज्याला दुसरा डॉक्टर मिळणारच नाही, अशा रोग्याचा विचार त्यात नाही. देशात डॉक्टर गरजेपेक्षा अधिक झाले आहेत, तेव्हा चांगले डॉक्टर हळूहळू खेड्यांपर्यंत पसरतील, अशी त्याची अटकळ होती. महागड्या शिक्षणातून बाहेर पडलेला डॉक्टर शहराकडे ओढला जातो, हे त्याने पुरेसे जोखले नाही. अहवाल एकट्याचा होता. समितीत दुसरा सभासदच नव्हता, त्यामुळे भिन्नमत-पत्रिका जोडली जाण्याचा प्रश्न उद्‍भवला नाही. ती पत्रिका जणू एकशे दहा वर्षांनी लिहिली गेली. २०२० साली अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्या सर्वोच्च शिक्षण-पुरस्कारावरून फ्लेक्सनरचे नाव काढून टाकले.

हाच प्रश्न आपल्या देशात १९४३ साली नेमलेल्या आरोग्य-पाहणी समितीपुढे आला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले सनदी अधिकारी होते. समितीस सल्ला देण्यासाठी आलेल्या परदेशी तज्ज्ञांत हॉप्किन्सचेच हेन्री सिगेरिस्ट होते. वैद्यकाचा समाजाशी संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९४६ साली चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या भोर अहवालापुढील चित्र अमेरिकेच्या उलट होते. तेथे डॉक्टर गरजेपेक्षा अधिक मानले जात होते. येथे सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता. एकंदर ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. पदवी-अभ्यासक्रमाहून कमी मुदतीत वैद्यकीय शाळांतून शिकून निघालेल्या या लोकांच्या हाती देशाच्या वैद्यकाचा मोठा भाग होता. समितीच्या बहुमताने असे ठरविले की, यापुढे एकच दर्जा असावा. त्यास त्यांनी ‘मूल डॉक्टर’ असे कल्पिले. शास्त्रात पक्का आणि शिवाय समाजाच्या आरोग्याची जाण असलेला. त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण अभ्यासक्रमात घालावे, अशी शिफारस झाली. फ्लेक्सनरच्या आराखड्यात नसलेली ही भर मोलाची होती. मात्र या समितीत सभासद अनेक होते, आणि त्यांपैकी सहा जणांनी वेगळे मत नोंदविले. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम निदान काही काळ चालू ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते.

बहुमताचे अमलात आले. पुण्याची १८७८ सालची बी. जे. वैद्यकीय शाळा १९४६ मध्ये महाविद्यालय झाली. अन्यत्रही शाळांची महाविद्यालये झाली किंवा त्या मिटल्या. ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४४ साली मागितलेले आणि भोर समितीने उचलून धरलेले ‘हिंदी हॉप्किन्स’ १९५६ च्या कायद्याने दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या रूपाने उभे राहिले. तेथील अध्यापक खाजगी व्यवसाय करीत नाहीत; बाल्टिमोरला १९१३ साली पेरलेले बी येथे रुजले. त्या संस्थेने देशाला काय दिले, हे दिल्लीकर वाचकांस सांगावयास नको. तिच्या बाह्यरुग्ण विभागापुढील पहाटेची रांगच ते सांगते. पण त्या रांगेत बिहारच्या नि बुंदेलखंडाच्या खेड्यांतून आलेली माणसे का उभी असतात, याचे उत्तर त्या सहा जणांच्या मतात शोधावे लागते.

त्यांचा प्रश्न पुनःपुन्हा वर आला आहे. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या विरोधामुळे तो काही वर्षांत बंद पडला, पण त्यातून निघालेले लोक प्राथमिक आरोग्यकेंद्रांत काम करू लागले. आसामने २००४ साली कायदा करून असाच मार्ग धरला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार केंद्राचा आहे. त्याच केंद्राने २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात मर्यादित परवान्याचा सामूहिक आरोग्यसेवक मान्य केला आहे. म्हणजे १९४६ साली परिशिष्टात गेलेले मत त्र्याहत्तर वर्षांनी कलम होऊन परत आले.

यावरून अभ्यासक्रमाचा दर्जा खाली आणावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. रिकाम्या खोल्यांना पुन्हा पाट्या लावणे हा गरिबांवरील उपकार नव्हे. अर्धवट शिकलेल्या वैद्याचा पहिला बळी गरीबच असतो. निष्कर्ष एवढाच की, दर्जा वाढविणारे कलम लिहितानाच दुसरे कलमही लिहिले पाहिजे. या नव्या उंबरठ्याशी कोण अडेल, त्याला तो ओलांडता यावा म्हणून शिष्यवृत्ती, पूर्वतयारी, जागा यांची तरतूद काय, आणि दर्जेदार डॉक्टर जेथे जाणार नाही तेथील रोग्याकडे तोवर कोण पाहील? मेरी गॅरेट यांनी नेमके हेच केले होते. प्रवेशाची अट त्यांनी एका अक्षरानेही सैल होऊ दिली नाही; त्या कडक दारातून स्त्रियांनाही जाता आले पाहिजे, एवढे मात्र देणगीपत्रात लिहून घेतले. कडक नियम आणि उघडे दार ही दोन्ही एकाच कागदावर बसू शकतात, याचा तो पुरावा आहे.

फ्लेक्सनरचा अहवाल वाचणाऱ्याने म्हणून भोर समितीचे ते परिशिष्टही वाचावे. शिफारशी अमलात आणणारे वरिष्ठ असतात. पण परिशिष्ट उघडून, त्यातील दोन ओळी टिपणात उतरविणे, हे कोणत्याही कचेरीतील कोणत्याही मेजावरून करता येण्याजोगे काम आहे.